प्लेनोतली कपडेखरेदी आणि शिवणातली माया



दर उन्हाळ्यात पुण्या-नागपूरहून नवी कुटुंबं प्लेनोत येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: कपडे तिकडून भरून आणायचे की इथे घ्यायचे? मला इथे येऊन अठरा वर्षं झाली. दोन मुलं वाढली, सासूबाईंचे चार मुक्काम झाले. त्या अनुभवावरून चार गोष्टी लिहितेय. जुन्या मंडळींना हे सगळं पाठ असेल, त्यांनी खुशाल पुढे सरकावं :-)

तिकडून आणा ते सुती. प्लेनोचा जुलै-ऑगस्ट नागपूरकरांना घरच्यासारखा वाटेल, ३८ च्या वर पारा नेहमीचाच. कुर्ते, गाऊन, पंचे तिकडचेच बरे. इथे निव्वळ सुती शोधताना लेबलं वाचून डोळे दुखतात, आणि परकर तर मॉलमध्ये विचारायचीच सोय नाही. स्वेटर-जाकिटं मात्र आणू नका. तेवीस किलोच्या बॅगेत चार किलो तीच खातात आणि इथल्या वाऱ्याला पुरत नाहीत.

रोजच्या कपड्यांसाठी कोल्स, रॉस, मार्शल्स गावात आहेतच. मोजे आणि थर्मल कॉस्टकोत. जुने लोक ज्या कॉलिन क्रीक मॉलच्या आठवणी काढतात, तो १९८१ साली उघडला आणि २०१९ मध्ये बंद झाला, तेव्हा तिथला पत्ता कुणी दिला तर निघू नका. मोठा मॉल हवा तर शेजारच्या फ्रिस्कोत स्टोनब्रायर. आउटलेट हवं तर ७५ नंबरच्या हायवेने उत्तरेला ॲलनमध्ये. तिथे ६ मे २०२३ ला गोळीबार झाला आणि आठ जणांचा जीव गेला. त्यात खरेदीला गेलेली एक भारतीय इंजिनिअर मुलगीही होती. आउटलेट पुन्हा सुरू झालं, आम्हीही जातो, पण माझी एक मैत्रीण अजून तिकडे गाडी वळवत नाही. तिला कोणी आग्रहही करत नाही.

पैशाचं बोलायचं तर इथे विक्रीकर सव्वाआठ टक्के. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होण्याआधी शुक्रवार ते रविवार तीन दिवस १०० डॉलरच्या आतल्या कपड्यांवर आणि बुटांवर तो लागत नाही. मर्यादा दर वस्तूला आहे, एकूण बिलाला नाही. मुलांची वर्षाची खरेदी तेव्हाच उरका.

मापाचं दुखणं सगळ्यांचंच. पाच फूट चार इंचाच्या आत उंची असेल तर ‘पेटीट’ लिहिलेले कपडे बघा, नाहीतर बाह्या बोटांच्या पुढे जातात. आणि बुटांसाठी मुलांच्या विभागात जायला लाजू नका. सासूबाईंना मुलग्यांचे चार नंबरचे बूट अगदी नेमके बसले, किंमतही बायकांच्या बुटांपेक्षा कमी.

हे बूट-प्रकरण साधं नव्हतं. पहिल्या दोन मुक्कामांत ऑक्टोबर उजाडला की सासूबाई घराबाहेर पडणं बंद करायच्या. साडी, चपला आणि वरून माझा जुना स्वेटर, अशा अवतारात त्यांना पार्कात जायची लाज वाटे. कोट घेऊया म्हटलं तर, “अगं, मी काय ऑफिसला जातेय? चार महिन्यांसाठी कशाला खर्च?” पुण्यात रोज पर्वती चढणारी बाई इथे खिडकीत बसून गाड्या मोजायची. शेवटी जानेवारीच्या सेलमध्ये साडीवर नीट बसेल असा, गुडघ्याखालपर्यंतचा कोट आणि ते बूट आणले. दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब एकट्या फिरायला! आई-बाबांना बोलावताना विम्याचा विचार आपण करतो, तसाच कोट-बुटांचाही करा.

आणि कोट जानेवारीतच घ्या. फेब्रुवारीत दुकानांत पोहण्याचे कपडे लागलेले असतात. १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलसच्या विमानतळावर उणे दोन फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे १९ सेल्सियस नोंदलं गेलं, टेक्ससभर वीज गेली. आमच्या घरी दोन दिवस अंधार. सासूबाई परकराखाली लेकाची ट्रॅकपँट घालून, कोट चढवून, गोधडीत दोन्ही नातवंडं घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी बाहेर पडून काही विकत आणणं शक्यच नव्हतं. जे घरात होतं, तेच अंगावर.

आता सणासुदीचं. रिचर्डसन आणि अर्व्हिंगमध्ये भारतीय कपड्यांची दुकानं आहेत. लेहंगे, शेरवान्या, कांजीवरम मिळतात. पैठणी मला क्वचित दिसली, शिवलेली नऊवारी त्याहून क्वचित. त्या दादरहून किंवा लक्ष्मी रोडवरूनच येतात. पूर्वी बहीण पार्सल करायची. २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांची जकातमाफी थांबवली गेली, आणि त्याच सुमारास भारतीय टपाल खात्यानेही अमेरिकेची पार्सलं ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवली होती. तेव्हा काही मागवण्याआधी कुरियरवाल्याला जकात नीट विचारून घ्या.

इथे खरी उणीव कपड्यांची नाही, शिंप्याची आहे. ड्रायक्लीनरकडे पँट आखूड करून मिळते, पण कपडा सैल करायला आत कापडच नसतं. तयार कपड्यात शिवण संपली की कापड संपलं. दोन वर्षांपूर्वी लेकीला पाडव्याच्या कार्यक्रमात आजीची लग्नातली पैठणी नेसायची होती. ब्लाउज काही केल्या चढेना. सासूबाईंनी चष्मा लावला, ब्लेडने बाजूची शिवण उसवली, आणि आत दोन्हीकडे एकेक इंच कापड निघालं, न विटलेलं, नव्यासारखं. “आमच्या शिंप्याने माया ठेवलीय बघ,” म्हणाल्या. इथे जन्मलेल्या लेकीला माया म्हणजे फक्त प्रेम एवढंच ठाऊक होतं. शिवणात राखून ठेवलेल्या कापडालाही मायाच म्हणतात, हे तिला त्या दिवशी कळलं. नंतर हातशिलाई करत दोघी दुपारभर बसल्या होत्या.

सासूबाईंना आता एवढा प्रवास झेपत नाही. तो कोट आमच्या कपाटात आहे, कोणाची आई थंडीत येणार असेल तर कळवा, घेऊन जा. आणि यंदा येणाऱ्यांनो, जाकिटं काढून त्या जागी दोन ब्लाउजपिसं टाका, आणि शिवायला देताना शिंप्याला बजावून सांगा: दादा, माया भरपूर ठेवा. मुली इथे फार भराभर वाढतात.

आपली,
एक प्लेनोकर