एका त्रैमासिकाच्या शोधात

देवास हे आमचे गाव फार मोठे नाही; पण पैशाशी त्याचा संबंध जुना आहे. वाचकांच्या खिशातली एखादी नोट आमच्या गावच्या बँक नोट प्रेसमध्ये छापलेली असण्याचा संभव पुष्कळ. आणि सव्वाशे-दीडशे वर्षांमागे या एवढ्याशा गावाच्या नावाने नाणी निघत, तीही एका दरबाराची नव्हे, दोन दरबारांची. थोरल्या बाजीरावांच्या काळात माळव्यात आलेले तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू येथे स्थिरावले, आणि त्यांच्या वंशजांनी एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये चालविली. १८८८ साली दोन्ही पात्यांनी तांब्याचा पाव आणा आणि पै काढली. एका अंगाला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या अंगाला देवास संस्थानाचे नाव. भावाभावांतला भेद काय तो दोन इंग्रजी अक्षरांचा : थोरल्यांच्या नाण्यावर एस. बी., धाकट्यांच्या नाण्यावर जे. बी. टेकडीवरच्या देवीसुद्धा आमच्याकडे दोनच आहेत, मोठी आणि छोटी; पण तो विषय वेगळा.

अशा गावात राहून जुन्या नाण्यांना वाहिलेले एक मराठी नियतकालिक विकत घ्यावयास निघालो आणि दोन शहरे पालथी घातली, त्याची ही हकीकत आहे.

नियतकालिकाचे नाव लिहीत नाही. लिहिले तर जाहिरात वाटेल, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्यावरून तक्रारही वाटेल. पुण्याहून निघणारे नवे त्रैमासिक, दुसरा अंक नुकताच प्रसिद्ध झालेला, आणि त्यात माळव्यातील मराठी संस्थानांच्या नाण्यांवर सचित्र लेख, एवढे वाचकांस पुरे.

ही बातमी आम्हांस काकांकडून कळली. काका इंदुरास रामबागेत राहतात. वय शहाऐंशी. त्यांच्यापाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि त्यात तीनशेच्या आसपास नाणी आहेत. प्रत्येक नाणे खाकी कागदाच्या पुडीत. पुडीवर बारीक, उभट अक्षरांत नाणे कोणाचे, कोठे मिळाले, केव्हा मिळाले. अहिल्याबाईंच्या काळातला महेश्वरचा रुपया त्यात आहे. नाव दिल्लीच्या शाहआलमचे, अक्षरे फारसी, पण खूण शिवलिंगाची आणि बेलाच्या पानाची. होळकरांचे बसलेल्या नंदीचे तांब्याचे नाणे आहे. आणि सर्वांत वरच्या पुडीत १९३५ सालचा यशवंतराव होळकरांचा अर्धा आणा, पागोट्यातल्या तरुण महाराजांच्या चित्राचा. तो आमच्या आजोबांनी काकांना मुंजीत दिला होता. बाकीचा डबा त्या अर्ध्या आण्यामागून भरत गेला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मुलगा परदेशी असतो. चांगला आहे, रोज फोन करतो, पण नाण्यांचे त्याला काही वाटत नाही आणि तसे तो प्रामाणिकपणे सांगतो. मग सराफ्यातले एक गृहस्थ येऊन डबा पाहून गेले. चांदीचा भाव वजनावर, तांब्याचा किलोवर, असे त्यांनी सांगितले. काकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावले. पण त्या दिवसापासून ते गप्प झाले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा म्हणाले, "अरे, किलोवर! पुड्यांसकट की पुड्या काढून, एवढेच विचारायचे राहिले."

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. पुण्याच्या नातेवाइकांकडून त्रैमासिकाचे वर्तमान त्यांना कळले होते. आम्ही म्हणालो, "मागवून घेतो." तर म्हणाले, "मागवू नकोस. दुकानातून आण. दुकानात ठेवण्याइतकी माणसे जर हे वाचत असतील, तर डब्याचा विचार वेगळा करू. नसतील तर किलोचा भाव आहेच."

असे हे काम होते.

देवासात दोन ठिकाणी विचारले. एकाने मान हलविली, दुसऱ्याने ती तसदीही घेतली नाही. रविवारी सकाळी इंदूरची बस धरली. अंतर अवघे पस्तीस-चाळीस किलोमीटरांचे. पण दोन्ही बाजूंना कारखाने, गुदामे आणि नव्या वसाहती इतक्या वाढल्या आहेत की देवास कोठे संपते आणि इंदूर कोठे सुरू होते, हे आता मैलाच्या दगडाखेरीज कोणी सांगू शकत नाही. सरवटे बस स्थानकावर उतरलो. संविधान सभेचे सदस्य राहिलेल्या तात्यासाहेब सरवट्यांचे हे नाव हजारो प्रवाशांच्या तोंडी रोज असते. त्यांतले किती जण ते एका मराठी माणसाचे म्हणून घेतात, कोण जाणे.

तेथून रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर. शोधाचा आरंभ तेथूनच करावयाचा असे आम्ही ठरविले होते, कारण काकांच्या लहानपणी मराठी वाचनाचा उगम तेथेच होता. या रेल्वेची कथाही नाण्यांच्या छंदात बसणारी आहे. खांडव्याहून इंदुरास लोहमार्ग यावा म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, मुदत एकशे एक वर्षांची. त्या मार्गाने मुंबई-पुण्याचे टपाल येई, आणि त्याबरोबर 'किर्लोस्कर' आणि 'चांदोबा' यांचे गठ्ठे. काका सांगतात की 'चांदोबा'चा गठ्ठा सुटण्याआधी दोन पोरे दोरीपाशी उभी असत, आणि त्यांतला एक ते स्वतः.

'चांदोबा' बंद पडून आता दशक उलटले. फलाटावरच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या, वेफर, मोबाइलच्या तारा आणि एका कोपऱ्यात स्पर्धा परीक्षांची मासिके. "मराठी?" असे आम्ही विचारताच विक्रेत्याने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि म्हणाला, "दिवाली पे आइए, बाबूजी."

राजवाड्याकडे रिक्षाने गेलो. १९८४ च्या दंगलीत या सात मजली वाड्याला आग लागली होती. आता डागडुजी होऊन दर्शनी भाग पुन्हा उभा आहे आणि समोर पोरे कबुतरांना दाणे टाकतात. तेथून चार पावलांवर खजुरी बाजार. शालेय पुस्तके, वह्या, मार्गदर्शिका यांची ही जुनी पेठ. मुख्याध्यापक म्हणून दर वर्षी जूनमध्ये आमची फेरी होतेच. त्यामुळे ओळखीचे नमस्कार मिळाले, मात्र अंक मिळाला नाही.

पहिल्या दुकानात आम्ही शुद्ध हिंदीत 'मुद्राशास्त्र की त्रैमासिक पत्रिका' मागितली. एम. ए. मराठीत केले असले तरी हिंदीवर आमचा थोडा अभिमान आहे. मुलगा आत गेला आणि योगातील हस्तमुद्रांचे सचित्र पुस्तक घेऊन आला. अंगठा आणि तर्जनी जुळविल्याने कोणते विकार जातात ते पहिल्याच पानावर होते. दुसऱ्या दुकानात शहाणपण करून 'सिक्के' म्हणालो, तर शेअर बाजाराचे साप्ताहिक पुढे आले. तिसऱ्याने भविष्याचे मासिक काढले. का, ते आम्हांस अजून उमगलेले नाही. त्या घटकेला आमच्या मनात आले की, ज्या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलने भरली, तेथे एका मराठी अंकासाठी आपण हस्तमुद्रा शिकत हिंडतो आहोत.

चौथे दुकान एका वृद्ध गृहस्थांचे. मराठी घरचे, पंचांग, कालनिर्णय, स्तोत्रांची पुस्तके आणि गतवर्षीचे चार दिवाळी अंक एवढे मराठी त्यांच्याकडे होते. त्यांनी आम्हांस बसावयास स्टूल दिले आणि म्हणाले, "पहिला अंक आला होता माझ्याकडे. तीन प्रती."

"मग?"

"तीन महिने ठेवल्या. एक गेली. दोन परत पाठवल्या."

पुढे त्यांनी जे सांगितले, ते आम्ही तीस वर्षे मासिके वाचूनही कधी ध्यानात घेतले नव्हते. असा अंक विक्रेता विकत घेत नाही, ठेवून घेतो. खपला तर किमतीतला काही हिस्सा त्याचा, न खपला तर परत. पण परत पाठविण्याचे भाडे कोणी द्यावयाचे, यावर पत्रव्यवहार होतो, आणि दोन प्रतींपायी कोणी पत्रव्यवहार करीत नाही. फळीवरची जागा ही तर खरी किंमत. परीक्षांच्या मासिकाचा गठ्ठा आठवड्यात उठतो आणि त्याच जागी दुसरा येतो. त्रैमासिकाची एक प्रत तेवढीच जागा तीन महिने अडवून बसते. शिवाय ते ठेवावे कोठे? नाण्यांचा कप्पा कोणत्याच दुकानात नसतो. इतिहासात ठेवले तर परीक्षेची मुले चाळून ठेवून देतात. अर्थकारणात ठेवले तर गिऱ्हाईक चिडते. "आणि करोनापासून," ते म्हणाले, "सकाळी मासिके चाळायला येणारी माणसे परत आलीच नाहीत. न चाळता नवा अंक कोण घेतो?"

आम्ही म्हणालो की, नाण्यांची नियतकालिके दुकानात कधी नव्हतीच. भारतीय नाणकशास्त्र परिषद अलाहाबादेस १९१० साली स्थापन झाली, तिचे नियतकालिक पहिल्यापासून सभासदांच्या घरी टपालाने जाते. "मग यांनीही तसेच करायचे होते," गृहस्थ म्हणाले. आम्हांस ते पटले नाही. टपालाने येणारा अंक ज्याला ठाऊक आहे त्यालाच मिळतो. दुकानातला अंक ठाऊक नसलेल्याच्या हाती पडतो. काकांच्या हाती 'चांदोबा' तसाच पडला होता. पण तीन प्रतींचा हिशेब ज्याच्या अंगावर पडतो, त्याला हे ऐकविण्यात काय अर्थ?

निघता निघता आम्ही सहज विचारले, "ती एक प्रत कोणी नेली?"

"एक मुलगी होती. कॉलेजातली असावी. दुसरा अंक आला का, म्हणून गेल्या महिन्यात पुन्हा विचारून गेली. मी म्हटले, आता ठेवत नाही. तुम्ही दुसरे विचारणारे."

नाव, पत्ता, काही त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही आमचा आणि काकांचा फोन एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या काचेखाली ठेवला आणि ती पुन्हा आली तर द्यावा, अशी विनंती केली.

रामबागेत पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. काका व्हरांड्यात बसले होते. आमचे दोन्ही हात रिकामे पाहून त्यांनी काही विचारले नाही. "पोहे ठेवलेत झाकून," एवढेच म्हणाले. खाताना आम्ही सारे सांगितले. हस्तमुद्रांपाशी ते हसले. तीन प्रतींचा हिशेब त्यांनी हिशेबनिसाच्या कानाने ऐकला. चाळीस वर्षे त्यांनी तेच केले आहे. मग म्हणाले, "मुलगी म्हणालास?"

"हो."

"पहिला अंक वाचून दुसरा मागायला आली?"

"हो."

बराच वेळ काका काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागव टपालाने."

दुकानाची अट त्यांनीच घातली होती आणि त्यांनीच सोडली. आम्ही तिची आठवण दिली नाही. पुण्यास फोन केला. रजिस्टर्ड टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे खात्रीने पाठवावयाचा तर स्पीड पोस्टच. दीडशे रुपयांच्या अंकाला टपालखर्च जवळजवळ निम्मा. काका म्हणाले, "दे. राज्यकर्ते एकशे एक वर्षांनी कर्ज फेडून घेत होते, आपण ऐंशी रुपयांना काय रडायचे?"

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा रामबागेत गेलो तेव्हा अंक आलेला होता. छपाई सुरेख, कागद जाड, चित्रे रंगीत. काकांनी तो टेबलावर उघडा ठेवला होता आणि हातात भिंग होते. आम्ही चप्पल काढतो न काढतो तोच ते गरजले, इतक्या मोठ्याने की शेजारच्या वहिनी खिडकीशी आल्या.

"हे बघ! देवासची दोन्ही नाणी छापली आहेत. आणि थोरल्या पातीच्या नाण्याखाली धाकटी पाती लिहिले आहे, धाकटीच्या खाली थोरली! अक्षरे समोर दिसताहेत ना? एस. बी. म्हणजे काय ते कोणी विचारायला नको? अंक काढतात की खेळ करतात? कागद घे. घे आधी."

आम्ही लिहावयास बसलो. काका डब्यातून देवासच्या दोन पुड्या काढून, दोन्ही नाणी भिंगाखाली धरून मजकूर सांगू लागले. सन १८८८ पासून आरंभ झाला, तो पवारांच्या पहिल्या वाटणीपर्यंत मागे गेला. पत्र चार पाने झाले. मधे एकदा फोन वाजला. सराफ्यातले तेच गृहस्थ होते. काकांनी आम्हांस खुणेने सांगितले की, नंतर. आणि पाचवे पान सुरू केले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्यापूर्वी ते पत्र आम्हीच टपालात टाकले, दोन्ही नाण्यांच्या ठशांसह, स्पीड पोस्टाने. पुण्याहून उत्तर यावयाचे आहे. खजुरी बाजारातल्या त्या मुलीचा फोनही अद्याप आलेला नाही. काका मात्र दर दोन दिवसांनी आम्हांस विचारतात की, चिठ्ठीवर आकडे नीट काढले होते ना.