चारच्या पटीत

पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येतात. कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात, त्यात सूट नाही. मजकूर एकोणीस पानं भरला तर तीन पानं काढून सोळावर यायचं, नाहीतर एका पानाची भर घालून वीस करायची. मी बहुतेक वेळा काढते. काढताना आधी विशेषणं जातात, मग दुसऱ्यांदा सांगितलेलं जातं आणि शेवटी जे मला फार आवडलेलं असतं पण वाचणाऱ्याच्या कामाचं नसतं, ते जातं. मला संपादक नाही. कागद आहे, आणि तो कुणाची भीड धरत नाही.

दहिसरला राहून मी ज्या पुस्तिका काढते त्यांना आजची मुलं झीन म्हणतात. स्वतः लिहायचं, स्वतः मांडायचं, झेरॉक्स काढायची, घडी घालायची, टाचायचं आणि स्वतःच नेऊन हातात द्यायचं. मी डीटीपीचं काम करत आले, श्रीलिपीच्या काळापासून. दुसऱ्यांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल लावता लावता पान म्हणजे काय ते कळलं. पण स्वतःचं पान लावायला बसलं की हात वेगळा चालतो, कारण चूक दाखवायला गिऱ्हाईक नसतं आणि झाकायला छापखाना नसतो.

सोळा पानांची पुस्तिका म्हणजे चार ए-फोर कागद. पहिल्या कागदाच्या एका बाजूला डावीकडे १६ आणि उजवीकडे १, त्याच्या पाठीवर २ आणि १५. पुढच्या कागदावर १४ आणि ३, पाठीवर ४ आणि १३. शेजारी बसलेल्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ आली पाहिजे. नव्या माणसाला मी ही बेरीजच शिकवते. तरीही आधी कोऱ्या कागदांची नकली पुस्तिका दुमडून तिच्यावर पेन्सिलीने आकडे टाकायचे आणि मगच संगणकाला हात लावायचा.

कागदाचं एक गुपित दुकानात कुणी सांगत नाही. तो तयार होताना त्यातले तंतू एका दिशेने निजतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सुरेख बसते, आडवी घातली तर कण्यावर कागद तडकतो आणि पुस्तिका मिटून राहत नाही, तोंड उघडून बसते. बाजारात रिमने मिळणाऱ्या ए-फोरचे तंतू सहसा लांबीच्या बाजूने असतात, म्हणजे आपली घडी हमखास आडवी पडते. आतल्या सत्तर जीएसएमच्या पानांना ते चालून जातं. मुखपृष्ठाचा जाड कागद मात्र मी मोठ्या तावातून उलट्या दिशेने कापून घेते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायचा, ज्या बाजूने तो कमी विरोध करतो ती घडीची दिशा. घडी बोटाने बसवायची नाही, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने बसवायची, मधून बाहेर.

मग टाचणं. साध्या स्टेपलरचा हात कण्यापर्यंत पोचत नाही, लांब हाताचा घ्यावा लागतो. मला स्वतःला दोरा आवडतो. कण्यावर तीन भोकं पाडायची, मधल्या भोकातून सुई आतून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, मधलं भोक सोडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि आतल्या लांब धाग्याच्या दोन्ही बाजूंना टोकं घेऊन गाठ. दोरा गंजत नाही. आमच्याकडची पावसाळी हवा पिनेला वर्षभरात तांबूस करते आणि तो डाग मधल्या पानात उतरतो.

मराठी मजकुराची झेरॉक्स काढणं हा आणखी निराळा विषय. इंग्रजी अक्षराचा एखादा बारीक भाग उडाला तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे टोनर कमी पडला की आधी अनुस्वार जातो, मग रफार. शिरोरेषा तुटते आणि ओळ विस्कटते. म्हणून मी टाइप दोन पॉइंट मोठा ठेवते, ओळींमध्ये जागा सढळ सोडते आणि पहिली प्रत उजेडाकडे धरून फक्त टिंबं वाचते. स्टेशनजवळचे आमचे झेरॉक्सवाले दादा आता स्वतःच विचारतात, "ताई, टिंबं आली का?"

त्यांच्याच दुकानात मला एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांच्या काळी परीक्षेचे पेपर सायक्लोस्टाइल व्हायचे. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाने लिहायचं, शिरोरेषा एका दमात ओढली तर मेणकागद फाटायचा, म्हणून ते प्रत्येक अक्षरावर हात उचलायचे. हे ऐकल्यावर मला साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं नव्याने दिसू लागली. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी पन्नासच्या दशकातच 'शब्द' चक्रमुद्रित करून काढलं. पुढे 'असो', 'येरू', 'आत्ता', 'फक्त', 'वाचा', 'विद्रोह' अशी किती तरी निघाली, काही सायक्लोस्टाइलवर, काही छापून. आपण त्यांच्याबद्दल बोलतो ते बंडखोरी म्हणून. 'सत्यकथा' मासिक आणि त्याच्याशी जोडलेली अभिरुची नाकारणं, राजा ढाले यांची 'सत्यकथेची सत्यकथा', १९६९ मधली 'सत्यकथे'ची होळी. हे सगळं खरंच आहे. पण कागद हाताळणाऱ्या बाईला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या माणसांनी संपादक नाकारला तेव्हा त्याचं काम नाहीसं झालं नाही, ते त्यांच्या स्वतःच्या अंगावर आलं. काय घ्यायचं, किती प्रती काढायच्या, कुणाला द्यायच्या, पोस्टाचा खर्च कुठून आणायचा. अशोक शहाणे यांनी प्रास प्रकाशनातून जी पुस्तकं काढली ती हातात घेऊन पाहा. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ची, 'भिजकी वही' त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक, त्यांना पानावरच्या रिकाम्या जागेची किंमत ठाऊक होती. घाई नाही, आकाराची तडजोड नाही. 'भिजकी वही'ला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कोलटकर हयात नव्हते. एका छोट्या, जवळजवळ एकहाती चाललेल्या प्रकाशनाचं ते पुस्तक होतं, ही गोष्ट मला पुरस्काराइतकीच मोठी वाटते.

याच्या मागे जावं तितकी ही वाट लांब होत जाते. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं, त्यासाठी शाईसुद्धा स्वतः तयार करण्याची खटपट केली. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' ही पुस्तिका पुण्यात छापली गेली. तिच्यावर टीका झाली, तेव्हा तिची बाजू घेतली जोतीराव फुले यांनी, १८८५ साली स्वतः काढलेल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात. 'सत्सार'चे दोनच अंक निघाले. एका पुस्तिकेच्या मदतीला दुसरी पुस्तिका धावून गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. अंक किती निघाले यावरून असल्या कामाचं मोजमाप करणारे लोक भेटले की मला 'सत्सार' आठवतो.

आणि र. धों. कर्वे. विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी संततिनियमनाच्या प्रचारापायी सोडावी लागलेला हा माणूस जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढू लागला आणि मरेपर्यंत काढत राहिला. शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३चा, ते ऑक्टोबरात गेले होते. सव्वीस वर्षं. लिहिणं, प्रुफं, हिशेब, वाचकांच्या पत्रांना उत्तरं, सगळं घरातून, पत्नी मालतीबाईंच्या साथीने. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. लोकांना आठवतो तो खटला. मला आठवतात ती दर महिन्याची प्रुफं. खटला भरला जाणार हे माहीत असताना माणूस रात्री बसून वेलांट्या तपासतो, यातली निष्ठा मोठी आहे. जे छापलं त्याच्या खाली नाव आपलं, पत्ता आपला, उत्तर देणारा तोंड न लपवणारा. स्वतः प्रकाशित करणं म्हणजे वाट्टेल ते छापायची मोकळीक, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'समाजस्वास्थ्य'चे अंक चाळावेत.

बाहेरच्या जगात हेच निरनिराळ्या यंत्रांनी झालं. सोव्हिएत रशियात कार्बन कागद घालून टाइपरायटरवर प्रती निघत आणि हातोहात फिरत. १९७६ साली लंडनमध्ये पंक संगीताच्या एका चाहत्याने 'स्निफिन ग्लू' झेरॉक्सवर काढलं आणि तसली शेकडो निघाली. मुंबईत 'बॉम्बे अंडरग्राउंड' या कलावंतांच्या गटाने २०१७ साली 'बॉम्बे झीन फेस्ट' भरवला. हिमांशू एस. आणि अक्वी थामी ही त्यामागची माणसं. धारावीच्या मुलांबरोबर चित्रांचं काम करणारी आणि बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय चालवणारी माणसं झीनकडे वळली यात मला नवल वाटत नाही. ज्याला छापखान्याच्या दारात उभं करत नाहीत त्याला घडी घातलेला एक कागद पुरतो. अशा मेळ्यांत इंग्रजी जास्त दिसते, मराठी कमी, ही माझी खंत आहे. खरं तर हे आपल्या अंगवळणी पडलेलं काम आहे. गणेशोत्सवात सोसायटीचं हस्तलिखित निघतं, एकच प्रत, घरोघर फिरणारी, मुखपृष्ठावर कुणाच्या तरी मुलीने रंगवलेला गणपती. शाळेत भित्तिपत्रक असतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीला काहीतरी छापील घरात आणायची आपल्याला सवय आहे.

म्हणून आम्ही काही जण मिळून दहिसरमध्येच एक छोटा मेळा भरवतो. पश्चिम रेल्वेवर मुंबईच्या हद्दीतलं हे शेवटचं स्टेशन. इथल्या माणसाने प्रत्येक गोष्टीसाठी काळा घोड्याला किंवा वांद्र्याला का जायचं? एका सोसायटीचं सभागृह मिळतं, गणपतीच्या मांडवातल्या खुर्च्या मिळतात. नियम एकच. ज्याने पुस्तिका केली त्यानेच टेबलामागे बसायचं, दुसऱ्याला बसवायचं नाही. पैसे देऊन घ्या किंवा स्वतःची पुस्तिका देऊन घ्या. अदलाबदलीत माणसं जास्त खुलतात. एक आठवीतला मुलगा एकाच कागदाची आठ पानी पुस्तिका घेऊन आला होता. कागद तीनदा दुमडायचा, मधे एक चीर द्यायची आणि उलगडून मिटवायचा, ना पिन ना दोरा. विषय, लिफ्ट बंद असताना सातव्या मजल्यापर्यंत भेटणारी माणसं. प्रत्येक मजल्याला एक पान आणि एक मुखपृष्ठ, बरोबर आठ. मांडणी आणि मजकूर इतके एकजीव झालेले मी मोठ्या प्रकाशनांतही क्वचित पाहिलेत.

माझ्या टेबलावर नदीवरची पुस्तिका होती. दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते, राष्ट्रीय उद्यानातून आणि बोरिवली-दहिसरमधून वाहत मनोरीच्या खाडीला मिळते, जेमतेम बारा किलोमीटर. कधीकाळी तिच्या काठी सिनेमांची चित्रीकरणं होत. २६ जुलै २००५च्या पुरात तिने आपली जुनी जागा किती होती ते दाखवलं. हे सगळं मी लिहिलं होतं. कांदरपाड्याकडच्या एक मावशी आल्या, उभ्या उभ्या पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, "बाय, नदी तू वरून खाली लिवलीस. आमी खालून वर जायचो, भरतीबरोबर." मग खुर्ची ओढून त्या बसल्या आणि खाडीपासून वर कुठे पोहायचं, कुठे कपडे धुवायचे, कुठल्या वळणाला घरात काय म्हणायचे, ते सांगत राहिल्या. मी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. पुढची आवृत्ती खाडीपासून सुरू होईल, त्यांच्या नावाने. हजार प्रती दुकानांत पाठवल्या असत्या तर हा मजकूर मला मिळाला नसता. प्रती थोड्या ठेवायच्या, हे मी परवडत नाही म्हणून करत नाही. ज्यांच्याकडे प्रत गेली ते परत येऊन माझ्याशी बोलू शकतील इतकीच संख्या मला हवी असते.

या कामाची एक मोठी उणीव मात्र आहे, ती म्हणजे ते टिकत नाही. साठच्या दशकातली अनियतकालिकं आज शोधायला गेलं तर कुणाच्या तरी माळ्यावर सापडतात, कडा चुरा झालेली. पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्यात असा कायदा १९५४ पासून आहे, पण झेरॉक्सच्या सोळा पानांना कुणी त्यात धरत नाही आणि करणाऱ्यालाही ते सुचत नाही. यंदाच्या मेळ्यात दाराशी एक पेटी असेल. टेबल घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या प्रत्येक पुस्तिकेची एक प्रत तिच्यात टाकायची आणि शेवटच्या पानावर शाईने नाव, महिना आणि एकूण किती प्रती काढल्या ते लिहायचं. पिना असतील तर त्या काढून दोरा घालायचा. यादी करायचं आणि भागातल्या वाचनालयाशी बोलायचं काम माझ्याकडे आहे, आणि आठवीतल्या त्या मुलाने शिवायला यायचं कबूल केलंय.