नमस्कारांचा अध्याय

संत पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उपदेशासाठी क्वचितच निवडला जातो. आधीच्या अध्यायांत श्रद्धा, पाप, कृपा आणि तारण यांचे गहन विवेचन आहे. सोळाव्यात मात्र बहुतांशी नुसते नमस्कार. वाचक ही नावे ओलांडून पुढे जातो. परंतु ती थोडी थांबून वाचावीत.

पौलाने तोवर रोममध्ये पाऊलही ठेवले नव्हते. तरीही तेथील २५हून अधिक माणसांची तो आठवण काढतो. तंबू बनवणारे प्रिस्का आणि अक्विला हे दांपत्य त्याच्यासाठी जिवावर उदार झाले होते. त्यांच्या घरी ख्रिस्तमंडळी जमत असे. रूफसच्या आईला तो आपलीही आई मानतो. फीबी या भगिनीचे स्वागत करा, अशी विनंती करतो. पत्र लिहून घेणारा तर्तियसदेखील मध्येच आपला नमस्कार घालतो! तारणाचे एवढे मोठे तत्त्वज्ञान मांडणारा प्रेषित अखेरीस माणसांच्या नावांपाशी येऊन थांबतो, हा योगायोग नव्हे. ख्रिस्तसभेजवळ तेव्हा मंदिरे नव्हती, संस्था नव्हत्या; होती ती घरे, आणि त्या घरांतून एकमेकांना ओळखणारी माणसे.

शुभवर्तमानातही हेच दिसते. आंद्रेया प्रथम आपल्या सख्ख्या भावाला शोधून येशूकडे नेतो. फिलिप आपल्या ओळखीच्या नथनेलाला गाठतो. त्याच्या शंकेला तो युक्तिवादाने उत्तर देत नाही, स्वतः येऊन पाहण्यास सुचवतो. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली सुवार्ताप्रसारावर जे प्रेषितीय उद्बोधन लिहिले, त्यात जाहीर उपदेशाइतकेच महत्त्व त्यांनी एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला दिलेल्या श्रद्धानुभवाला दिले आहे.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत कवी नारायण वामन टिळकांना एक परदेशी सहप्रवासी भेटला. बोलता बोलता ओळख झाली आणि उतरण्यापूर्वी त्याने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

परंतु या कथेचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या परतल्या, तेव्हा त्यांचे सोवळे-ओवळे आणि वेगळा स्वयंपाक टिळकांनी मान्य केला. धर्माची सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या अंतरीच्या निर्णयाने. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे ठाऊक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नाते हे सुवार्तेचे साधन आहे, असे आपण सहज बोलून जातो. पण साधन म्हणून जोडलेले नाते हे नाते राहते काय? शेजाऱ्याच्या दुखण्यात मी धावलो आणि मनात मात्र त्याच्या धर्मांतराचा हिशेब ठेवला, तर ती सेवा नव्हे, तो व्यवहार झाला. श्रद्धा पसरवताना जबरदस्तीचा वा अनुचित गळ घालण्याचा वासही येऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात बजावले आहे. शेजारी कधीच चर्चची पायरी चढला नाही, तरी जी मैत्री उणावत नाही, तीच ख्रिस्ताची साक्ष देते.

आणि आपल्या धर्मग्रामांच्या अंगणात काय चित्र आहे? एका धर्मग्रामात मी काही महिने मदतीला होतो. तेथील एक कुटुंब मिस्सेला येईनासे झाले होते. भेटीस गेलो तेव्हा ती माउली शांतपणे म्हणाली, “फादर, आजाऱ्यांच्या यादीत माझ्या नवऱ्याचे नाव दर रविवारी वाचले गेले. पण ते ऐकून कुणी घरी आले नाही.” पुढे शेजारच्या आळीतील एक निवृत्त शिक्षिका रविवारी तासभर रुग्णापाशी बसू लागल्या. त्यांनी उपदेशाचा शब्दही उच्चारला नाही. ती माउली मात्र पुन्हा मिस्सेला येऊ लागली.

ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेतील ५२९वे कलम प्रमुख धर्मगुरूला आपली माणसे ओळखण्याचे, कुटुंबांना भेटण्याचे, त्यांच्या चिंतांत व शोकांत सहभागी होण्याचे कर्तव्य सांगते. हे कर्तव्य आम्हा धर्मगुरूंना टाळता येणार नाही. परंतु जेथे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, मुले परदेशी गेली आणि वृद्ध आईवडील चौथ्या मजल्यावर एकाकी पडले, तेथे एका धर्मगुरूचे पाय किती पुरणार? धर्मग्रामाची सूचना आता क्षणात प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचते. पेजेचा डबा मात्र कुणाला तरी हाताने न्यावा लागतो.

वाचकहो, येत्या रविवारी आजाऱ्यांची नावे वाचली जातील. त्यांतील एक नाव ध्यानात ठेवा, घर कोठे ते विचारा आणि संध्याकाळी जाऊन या. फार बोलण्याची गरज नाही. थोडा वेळ बसा, काय हवे-नको ते विचारा, आणि पुन्हा केव्हा येणार ते सांगून उठा.