कॉन्ट्रा आणि पाण्याची टाकी

एम्युलेटर तडतडायला लागला की पहिला संशय स्पीकरवर. दिवाळीत साखरखेर्ड्याला ताईकडे गेलो, तर भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर 'कॉन्ट्रा' फुटाण्यासारखा तडतडत होता. सोयाबीनला भाव नाही, तरी भाऊजी नवे स्पीकर आणायला मेहकरला निघालेले. म्हटलं, "थांबा भाऊजी, गाणी नीट वाजतात ना?" वाजत होती. म्हणजे स्पीकर निर्दोष!

साउंड कार्डाला सेकंदाला ४८,००० सॅम्पल लागतात म्हणजे लागतातच. गेम सेकंदाला सुमारे ६० फ्रेम काढतो, फ्रेममागे ८०० सॅम्पल. लॅपटॉप ५५ फ्रेमवरच दमला, तर पुरवठा फक्त ४४,०००. मधली पोकळी म्हणजे ही तडतड. चित्र जरा अडखळलं तर डोळा चालवून घेतो, कान नाही.

बफर म्हणजे आपली पाण्याची टाकी. लेटन्सी ६४ वरून ९६ मिलिसेकंद केली. सेकंदभर शांतता, पुन्हा तडतड. नळच बारीक, टाकी मोठी करून काय होणार? लॅपटॉप बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये होता, प्रोसेसर निवांत. मोड बदलला, ६० फ्रेम पूर्ण, आवाज स्वच्छ. लेटन्सी परत ६४ वर आणली, नाहीतर गोळी आधी सुटते अन् आवाज मागून येतो.

असो. स्पीकरचे पैसे वाचले. आता ताईची तक्रार आहे, आवाज फार येतो म्हणून!