निळा रेनकोट

तर मंडळी, आधी एक कबुली. मी भोर तालुक्यातला. आमच्याकडे जूनमध्ये आलेला पाऊस गणपती होईपर्यंत कौलांवर मुक्कामाला असतो. त्यामुळे पावसात काय घालायचं हे मला कुणी शिकवावं ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटायची. हा माज दोन वर्षांपूर्वी ओरेगनच्या जंगलात एका शुक्रवारी सकाळी उतरला.

झालं असं, की कंपनीच्या कामाने मी हिल्सबरोला आलो आणि टीममधल्या साठीच्या एका टेस्टरशी माझी गट्टी जमली. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणतो (तोंडावर नावानेच, इथे तसंच असतं). आजोबा वर्षाला एक हरीण मारतात आणि ते मांस फ्रीझरमध्ये ठेवून वर्षभर पुरवतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे थेट तुरुंगाची वाट. इथे लायसन्स काढायचं, टॅग घ्यायचा आणि ठरलेल्या दिवसांत ठरलेलं जनावर मारायचं. "नुसता बघायला येतोस का?" त्यांनी विचारलं. बंदुकीला हात लावणार नाही या अटीवर मी हो म्हटलं. आईला फोनवर "ट्रेकला चाललोय" एवढंच सांगितलं.

तयारी? जीन्स, कॉटनचा टी-शर्ट, वर कॉटनचाच हुडी आणि त्यावर पुण्याहून आणलेला निळा प्लॅस्टिकचा रेनकोट. टू-व्हीलरवर चार पावसाळे काढलेला, एकदम भरवशाचा गडी.

सीझनचा शेवटचा दिवस होता. कोस्ट रेंजच्या डोंगरात पाच-सहा डिग्री तापमान आणि आपल्यासारखा धो धो नाही, तर बारीक, चिवट, न थांबणारा पाऊस. तासभर चढ चढलो. रेनकोटमधून बाहेरचं पाणी आत येत नव्हतं, पण आतला घामही बाहेर जात नव्हता. वर पोचेपर्यंत हुडी पिळून काढण्यासारखा झाला होता. मग आम्ही एका पडलेल्या झाडाआड बसलो. बसायचं म्हणजे काय, तर हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि मी नुसती मान वळवली तरी रेनकोट असा चुरचुरायचा, की वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखं वाटावं.

पाऊण तासाने मी कुडकुडायला लागलो. आणखी थोड्या वेळाने थर्मासचं झाकण उघडता येईना. बोटं माझी आहेत असं वाटतच नव्हतं. आजोबांनी खाली उतारावर बोट दाखवलं. एक नर उभा होता. दुर्बिणीतून त्याची शिंगं स्पष्ट दिसली असं ते नंतर म्हणाले. मी "कुठे?" असं विचारायला गेलो तर जीभ अडखळली.

आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बंदुकीतली गोळी काढली, उठले आणि म्हणाले, "चल. गाडीत हीटर आहे."

वर्षभराचं मांस समोर उभं होतं मंडळी, आणि हा माणूस माझ्या कॉटनच्या हुडीपायी पाठ फिरवून निघाला. गाडीत मी दहा वेळा सॉरी म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "हरीण पुढच्या वर्षीही येईल."

त्यानंतर मी या विषयाचा इंजिनिअरसारखा अभ्यास केला (सवय!). इथे कुणी तुम्हाला असं बोलावलं तर उपयोगी पडेल, म्हणून लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट कॉटनची. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. कॉटन पाणी धरून ठेवतं, म्हणजे आपण ओला टॉवेल गुंडाळून थंडीत बसतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. त्याला बर्फ लागत नाही, पाच-सहा डिग्री आणि पाऊस पुरतो. हात न चालणं आणि जीभ अडखळणं ही त्याचीच लक्षणं. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याची बोटं बधिर होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तेव्हा अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकर. जीन्स घरी.

दुसरी गोष्ट आकड्यांची. जॅकेटवर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं असतं, म्हणजे ते कापड दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. आपण तेवढंच बघतो आणि घाम बाहेर जाण्याचा आकडा बघायला विसरतो. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून पाहिलं आणि वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा सापडला. त्या जातीची जॅकेटं महाग असतात. नवशिक्याला त्यांची गरज नाही. काखेत चेन असलेलं साधं जॅकेट घ्या, चढताना ती उघडा, आणि मुख्य म्हणजे चढताना कपडे कमी घाला. घामच आला नाही तर तो बाहेर काढायचा खर्चही नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि हीच शिकारीला ट्रेकपासून वेगळी करते. स्वस्त रेनकोट वाजतोच. यावर आजोबांचा फुकटातला उपाय: रेनकोट आत आणि त्याच्यावर लोकरीचा जुना, ढगळ कोट. बाहेरचा कोट भिजतो, जड होतो, पण वाजत नाही. हे ऐकलं आणि मला माझे खरे आजोबा आठवले. गुरांमागे पावसात घोंगडीची खोळ घेऊन उभे असायचे. भिजलेली लोकरही ऊब देते हे त्यांना कुठल्या लेबलवर वाचावं लागलं नव्हतं. मी मात्र कॉलेजला गेल्यावर त्या घोंगडीला नाक मुरडलं होतं.

चौथी गोष्ट रंगाची. हरणाला केशरी आणि लाल रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत, पण निळा मात्र छान दिसतो. म्हणजे मी निळा रेनकोट आणि निळी जीन्स घालून जंगलात बोर्ड लावल्यासारखा बसलो होतो! केशरी बनियन मात्र घालाच. कायद्याने सक्ती असो वा नसो, दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही माणूस म्हणून दिसायला हवं.

माझा हिशोब असा झाला: क्लिअरन्समधलं जॅकेट ४५ डॉलर, रेनपँट २०, थ्रिफ्ट स्टोअरमधला लोकरीचा कोट ९, स्वेटर ६, लोकरीचे मोजे १२, केशरी बनियन ८. एकूण शंभर. बूट जुनेच.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. तसाच पाऊस, तेच पडलेलं झाड. तीन तास बसलो. कोट ओला होऊन दोन किलोचा झाला असेल, पण आत मी कोरडा होतो. अकराच्या सुमारास मागून एक मादी आली. जेमतेम पंधरा फुटांवर थांबली, कान हलवले, गवत खाल्लं आणि निघून गेली. आजोबांच्या टॅगवर फक्त नर चालतो, त्यामुळे बंदूक जागची हललीच नाही. मी तर श्वासही जपून घेत होतो.

ती गेल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "आज तू वाजला नाहीस."

एवढं कौतुक मला अप्रेझलमध्येही कधी वाटलं नव्हतं. नर काही त्या दिवशी आला नाही. खाली उतरून चहा प्यायलो, थर्मासचं झाकण मीच उघडलं.

घरी आल्यावर आईला फोन केला आणि या वेळी खरं काय ते सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबांची घोंगडी अजून माळ्यावर आहे. पाठवू का?"

पाठव म्हटलं.