हस्तरचं गणगोत

भयकथाकार नारायण धारपांचे वाचक दोन जातींचे. पहिला गोष्ट वाचतो, रात्री दिवा चालू ठेवून झोपतो आणि सकाळी पुस्तक परत करून येतो. दुसऱ्याला भीती फारशी वाटत नाही. तो सोयरिकी जुळवत बसतो. ह्या कादंबरीतला वाडा आणि त्या कथेतला वाडा एकच का? समर्थ, पंत, कृष्णचंद्र, जयदेव ही अभद्राशी झुंजणारी माणसं एकमेकांना ओळखतात का? सातारा-सांगलीकडे ही दुसरी जात भरपूर. आमच्याकडे नवा माणूस भेटला की 'कुठले तुम्ही, आजोळ कुठलं' एवढ्यावर नातं निघतंच. पुस्तकातली माणसं त्यातून कशी सुटतील?

सांगलीतल्या एका वाचनालयातली धारपांची प्रत मला आठवते. खाकी पुठ्ठा, दाभणानं घातलेली जाड शिवण. समर्थ आणि त्यांचे सोबती आप्पा जोशी, दोघांचाही पत्ता नसलेली कादंबरी. ऐन अटीतटीच्या पानावर, समासात कुणीतरी पेन्सिलीनं विचारलेलं : 'आप्पा जोशी कुठे आहेत?' खाली निळ्या शाईत, वेगळ्या हाताचं : 'समर्थांबरोबर परगावी.' त्याखाली तिसरं अक्षर, बहुधा शाळकरी पोराचं : 'तार करा!' ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा शहरात शिरली आणि ती प्रत गेली. कादंबरी काय, पुन्हा छापली जाते. तो समास कोण छापणार?

साताऱ्याकडचा लाडका सिद्धान्त असा, की धारपांचे समर्थ म्हणजे सज्जनगडचे रामदासच. नाव तेच, शिवाय 'समर्थाचिया सेवका' हे धारपांच्या एका पुस्तकाचं नाव थेट मनाच्या श्लोकांतलं. मग रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती पुढे येतात. चाफळ, माजगाव, उंब्रज, मसूर, शहापूर, शिराळा... हे ठिपके जोडले की अभद्राला रोखणारं कडं तयार होतं म्हणे. मी नकाशावर जोडून पाहिलं. कडं कसलं, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात जमेल तिथं बसवलेले मारुती आहेत, दोन तर पार कोल्हापूर जिल्ह्यात. पण सिद्धान्तवाल्याला भूगोल कधी आडवा आलाय!

ह्या अकरांतलाच एक वाळवा तालुक्यात, बह्याला, कृष्णेच्या बेटावर. लोक सांगतात, राम तिथं पूजेला बसले असताना नदीला लोंढा आला आणि मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी दुभंगलं. पुढे रामदास आले. रामाचं स्थान दिसलं, मारुती दिसेना. म्हणून त्यांनी डोहात उडी घेतली आणि मूर्ती वर काढली. ही गोष्ट ऐकताना मला हमखास तो पेन्सिलवाला आठवतो. हा इथं आहे, मग त्याचा जोडीदार कुठे? दोघांचा प्रश्न एकच. एकानं समासात लिहिलं, दुसऱ्यानं डोहात शोधलं.

काही नाती मात्र खरोखर कागदोपत्री निघतात. २०१८ चा 'तुंबाड' घ्या. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, बीज धारपांच्या 'आजी' ह्या कथेचं, आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची 'ग्रामा'. सिनेमात पिशाच्च झालेली म्हातारी हस्तरचं नाव घेतल्यावर निजते. किंगच्या कथेतही पोराला मावशी फोनवरून तेच सांगते : आजीला हस्तुरच्या नावानं झोपव. हा हस्तुर किंगच्या आधी लव्हक्राफ्टकडे होता, त्याआधी १८९५ मध्ये चेंबर्सच्या कथांत, आणि सगळ्यांत आधी, १८९१ मध्ये, अँब्रोज बिअर्सच्या एका छोट्या कथेत. तिथं तो पिशाच्च नाही की भुकेला नाही. तिथं तो मेंढपाळांचा देव आहे, आणि एक साधाभोळा मेंढपाळ पोर रोज त्याची प्रार्थना करतो.

इथं माझीही जीभ वळवळते. मेंढपाळांचा देव? तो तर आमच्या कवठेमहांकाळ तालुक्यात, आरेवाडीच्या बनात बसलाय! भंडाऱ्यानं पिवळा झालेला बिरोबा. पुरावा शून्य, हे मला पक्कं ठाऊक आहे. रा. चिं. ढेऱ्यांनी पंढरीच्या विठोबाचं नातं गवळी-धनगरांच्या देवाशी जोडलं ते 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये, स्थलपुराणं, शिल्पं, लोककथा ओळीनं पुढे मांडून. आम्ही जोडतो ते कटिंग चहावर. तरी सांगतो, सुंबरान मांडून बसलेल्या एखाद्या ओवीकाराला हस्तुर नुसता ऐकवा. दुसऱ्या रात्रीपर्यंत तो बिरोबाचा मावसभाऊ झालेला असेल.

कराडचा एक कॉलेजातला पोरगा सध्या धारपांच्या 'लुचाई'च्या मागे लागलाय. तिच्यामागे किंगची 'सेलम्स लॉट'. त्या कादंबरीतला पाद्री कॅलाहन किंगनं २००३ मध्ये 'डार्क टॉवर' मालिकेत आणला, म्हणजे ती दोन जगं एकच. मग लुचाईचं गाव त्या काळ्या बुरुजापासून किती लांब? मी म्हटलं, धारप २००८ सालीच गेले, आता विचारणार कुणाला? तो म्हणाला, "असते तरी त्यांना कशाला विचारायचं, काका?" आणि वही उघडून त्यानं नकाशाच पुढे ठेवला. बुरुज वारणेच्या अल्याड काढलेला. मला तो पल्याड हवाय. दोन चहा झाले, अजून मिटलेलं नाही.