परका गडी आणि पायऱ्यांवरचे समीक्षक

मूल्यमापन नेमके केव्हा सुरू होते, असा प्रश्न आम्ही दोघेही समीक्षेच्या पहिल्या तासाला वर्गात विचारतो. उत्तर बहुधा ठरलेले असते : कृती वाचून झाल्यावर. उत्तर चुकीचे नाही. पण ते आदर्श व्यवहाराचे वर्णन आहे, प्रत्यक्ष व्यवहाराचे नव्हे. प्रत्यक्षात पुस्तक हाती येते तेव्हा लेखकाचे गाव, प्रकाशकाचे नाव, मलपृष्ठावरचा मजकूर आणि आधीच्या पुस्तकाला मिळालेला पुरस्कार यांनी निकालपत्राचा अर्धा मसुदा लिहून ठेवलेला असतो. ही गोष्ट पटवून देण्यासाठी आम्ही पुष्कळ वर्षे साहित्यातलीच उदाहरणे देत आलो. अलीकडे मात्र आमचा ओढा एका सर्वस्वी दूरच्या उदाहरणाकडे आहे. उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या एखाद्या क्लबाने साता समुद्रापलीकडून नवा गडी आणला म्हणजे तिथला प्रेक्षक त्याला कसा जोखतो, हे ते उदाहरण होय.

या खेळाकडे आम्ही वळलो ते एका कादंबरीमुळे. डेव्हिड स्टोरी हा वेकफिल्डच्या खाणकामगाराचा मुलगा. लंडनच्या स्लेड कलाशाळेत तो चित्रकला शिकत होता आणि त्याच काळात आगगाडीने उत्तरेला जाऊन लीड्स क्लबाच्या दुय्यम संघातून रग्बी लीग खेळत होता. या दुहेरी जगण्यातून १९६० साली त्याची ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ ही कादंबरी आली. १९६३ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. मॅचिन नावाचा कामगार क्लबाच्या चाचणी सामन्यांत उतरतो आणि खेळाबरोबर त्याच्या शरीराचीही किंमत ठरते, हा त्या कादंबरीचा एक गाभा. तो वाचताना आमच्या मनात आले, की मॅचिन तर तिथलाच होता. जो तिथला नव्हता, त्याचे काय होत असेल?

खेळाची जन्मकथा थोडक्यात सांगायला हवी. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी मूळ रग्बी संघटनेशी फारकत घेतली. शनिवारी खेळण्यापायी कामगाराची मजुरी बुडते, ती त्याला भरून द्यावी की नाही, एवढाच तो वाद. १९०६ पासून पंधराऐवजी तेरा गडी आले आणि हा खेळ सर्वार्थाने वेगळा झाला. तात्पर्य, गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांत हा खेळ जन्मला तोच मोबदल्याच्या प्रश्नातून. ज्या गावात घामाचा दाम रोज मोजला जातो, तिथला प्रेक्षक गड्याचा दामही मोजणारच.

आणि परका गडी या खेळात जवळजवळ आरंभापासून आहे. १९०७-०८ साली न्यूझीलंडचा संघ दौऱ्यावर आला. त्यातला लान्स टॉड विगन क्लबाकडे राहिला. १९०८-०९ च्या पहिल्या ऑस्ट्रेलियन दौऱ्यातून अल्बर्ट रोझेनफेल्ड हडर्सफिल्डला मिळाला. १९१३-१४ च्या एका हंगामात त्याने ८० ट्राय नोंदवले; तो विक्रम आजही अबाधित आहे. चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला १९४६ पासून दिला जाणारा मान लान्स टॉडच्या नावाचा आहे, ही गोष्ट आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. इथे जन्मलेल्या खेळाडूचीही थोरवी एका परक्याच्या नावाच्या मापाने मोजली जाते.

पण हे झाले मागाहूनचे. नवा गडी येतो त्या आठवड्यात काय होते? प्रेक्षकाच्या हाती तेव्हा तीन मापे असतात. पहिले, त्याच्या आधी त्या जागी खेळून गेलेल्याचे. दुसरे, त्याच्यावर खर्च झालेल्या पैशाचे. तिसरे, त्याच्या दिसण्याचे. या तिन्हींपैकी एकही खेळाचे माप नव्हे, हे उघडच आहे. परंतु खेळ अजून झालेलाच नसतो, तेव्हा प्रेक्षकाने तरी दुसरे काय वापरावे?

दिसण्याच्या मापाची सर्वांत बोधप्रद कथा ब्रायन बेव्हनची. हा सिडनीचा तरुण, ऑस्ट्रेलियन नौदलात होता. १९४५ साली त्याची युद्धनौका इंग्लंडला दुरुस्तीसाठी आली, तेव्हा त्याने इथल्या क्लबांची दारे ठोठावली. लीड्सने त्याला नाकारले, हन्स्लेटनेही नाकारले. शिडशिडीत अंगकाठी, अकाली विरळ झालेले केस, पुढे पुढे तर गुडघ्यांना जाडजूड पट्ट्या आणि तोंडात दात नाहीत. पहिलवानी शरीरांच्या या खेळात हा माणूस वाट चुकून आलेला कारकून वाटावा! वॉरिंग्टन क्लबाने त्याला दुय्यम संघातून उतरवून पाहिले आणि करारबद्ध केले. नौदलातून मोकळा होऊन तो परतला आणि १९४६-४७ या पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने ४८ ट्राय केले. १९५२-५३ साली ७२. १९६२ पर्यंत तो वॉरिंग्टनकडून ६२० सामने खेळला व त्यांत ७४० ट्राय झाले. सगळी कारकीर्द धरली तर ७९६. एवढे ट्राय या खेळात दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. आज वॉरिंग्टनच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा आहे.

ही कथा आम्ही वर्गात सांगितली म्हणजे विद्यार्थी खूश होतात. तज्ज्ञ चुकले, सामान्य प्रेक्षक बरोबर ठरला, असा तिचा सोयीचा अर्थ ते लावतात. आम्ही त्यांना तिथे थांबवतो. लीड्स आणि हन्स्लेटच्या जाणकारांनी जे माप वापरले, तेच माप त्या दिवशी पायऱ्यांवरच्या बहुतेकांनी वापरले असते. फरक जाणकारीचा नव्हता. फरक पुन्हा पाहायला मिळण्याचा होता. ज्यांनी नाकारले त्यांचा निकाल तिथेच कायम झाला. वॉरिंग्टनच्या प्रेक्षकाला मात्र पुढचा शनिवार मिळाला, त्याच्या पुढचाही मिळाला. असे सोळा-सतरा वर्षांचे शनिवार! पहिले मत बदलण्याची एवढी संधी कोणत्या समीक्षकाला मिळते? आम्ही एखादा कवितासंग्रह एकदा वाचतो, परीक्षण लिहितो आणि मोकळे होतो. पायऱ्यांवरचा माणूस मोकळा होत नाही. हंगामाच्या आरंभी त्याने जे बोलून ठेवले असेल, ते शेजारी उभ्या राहणाऱ्याच्या ध्यानात असते.

या कथेची आणखी एक बाजू आहे आणि ती आम्हांला अधिक अस्वस्थ करते. बेव्हनला वॉरिंग्टन मिळाले म्हणून ही कथा आपल्यापर्यंत आली. ज्यांना तिसरे दार उघडलेच नाही, जे बोटीने परत गेले, त्यांचे पुतळे कुठेही नाहीत आणि त्यांच्याविषयी लेखही लिहिता येत नाही. साभार परत आलेल्या हस्तलिखितांचा इतिहास कोणी लिहावा? आपण ज्याला परंपरा म्हणतो ती दुसरी संधी मिळालेल्यांचीच यादी असते, हे साहित्याच्या अध्यापकाने तरी विसरू नये.

पैशाच्या मापाची कथा नेमकी उलटी. सोनी बिल विल्यम्स हा न्यूझीलंडचा खेळाडू. रग्बी युनियनमधील २०११ आणि २०१५ अशा दोन विश्वविजयांचा मानकरी. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅनडाच्या टोरांटो वुल्फपॅकने त्याला इंग्लंडच्या सुपर लीगसाठी घेतले. या खेळातला सर्वांत महागडा करार म्हणून त्याचा गाजावाजा झाला. निकाल आधीच जाहीर होता, आता त्याने फक्त तो सिद्ध करायचा होता. २०२० च्या मार्चमध्ये महामारीने हंगाम थांबला, तेव्हा टोरांटो आपले सहाही लीग सामने हरले होते. जुलैत क्लबाने स्पर्धेतूनच माघार घेतली. त्याचे मूल्यमापन कधी झालेच नाही. चर्चा झाली ती किमतीची. अमाप प्रसिद्धी लाभलेले आणि प्रत्यक्षात कोणी पुरते न वाचलेले पुस्तक आम्हांला आठवते. नाव सांगण्याची गरज नाही, प्रत्येक दशकात एखादे असतेच.

त्याच वर्षीचे तिसरे उदाहरण आम्हा दोघांत मतभेद घडवून गेले. इस्रायल फोलाउ या ऑस्ट्रेलियन खेळाडूचा करार तिथल्या रग्बी संघटनेने २०१९ मध्ये रद्द केला होता. समलिंगी व्यक्तींना नरकाची भीती घालणारा मजकूर त्याने धर्मश्रद्धेच्या नावाने प्रसृत केला होता. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कॅटलन्स ड्रॅगन्स क्लबाने त्याला घेतले. हा क्लबही सुपर लीगमध्येच खेळतो. पहिल्याच सामन्यात फोलाउने ट्राय केला. विगन क्लबाने मात्र त्याच्या आगमनाची वार्ता येताच, कॅटलन्सविरुद्धचा आपल्या मैदानावरचा सामना समलिंगी समुदायाच्या सन्मानदिनासारखा साजरा करण्याचे जाहीर केले. महामारीमुळे तो सामना ठरल्या दिवशी झाला नाही.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की प्रेक्षक इथे आपली मर्यादा ओलांडतो. त्याने ट्राय पाहावा, माणसाचे अंतःकरण तपासू नये. लेखकाचे चरित्र बाजूला ठेवून कृती वाचावी असे आपण शिकवतो, मग तो न्याय मैदानाला का नको? दुसऱ्याचे म्हणणे असे, की कृती आणि कर्ता वेगळे करणे पुस्तकाच्या बाबतीत कदाचित शक्य असेल. पण गडी गावाचा सदरा अंगात घालून खेळतो. त्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या समलिंगी तरुणाला हा ‘आपला’ गडी म्हणून टाळ्या वाजवाव्या लागणार असतील, तर त्याने मत देऊ नये असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? हा वाद आमच्यात मिटलेला नाही. एवढे मात्र दोघांनाही मान्य आहे, की ‘निव्वळ कृतीचे मूल्यमापन’ हे वाक्य वर्गात उच्चारताना आता आमचा आवाज पूर्वीइतका निःशंक राहत नाही.

शिवाय ‘परका’ कोण, हेही कायम ठरलेले नसते. क्लबांना परदेशी गड्यांच्या संख्येची मर्यादा असते. २००३ साली युरोपीय न्यायालयाने कोल्पाक नावाच्या एका स्लोव्हाक हँडबॉलपटूच्या खटल्यात निवाडा दिला. त्याच्या आधारे युरोपीय संघाशी करार असलेल्या देशांचे नागरिक या मर्यादेतून सुटले. त्यांत दक्षिण आफ्रिकेचे होते, तसेच फिजी, सामोआ, टोंगाचेही होते. काल परका असलेला गडी आज कागदोपत्री परका राहिला नाही. आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर त्या निवाड्याचे छत्र पुन्हा गेले. पायऱ्यांवरच्या माणसाने आपला हिशेब कागदांवरून केला नसेल, अशी आमची समजूत आहे. मराठीत १९८० साली लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाने ‘उपरा’ या शब्दाला जे वजन दिले, त्याची बरोबरी पगारी खेळाडूच्या परकेपणाशी करणे अनुचित होईल. तरीही परकेपण हा माणसाचा गुण नसून त्याच्याकडे पाहणाऱ्यांनी दिलेला दर्जा आहे, हे समजायला तो शब्दच आम्हांला उपयोगी पडला.

त्याच गिरणगावांशी आपलाही एक धागा आहे. लँकेशायर लीगच्या क्रिकेटमध्ये क्लबाने बाहेरून एक व्यावसायिक खेळाडू आणायचा, ही जुनी चाल. १९२९ साली त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सनला आला तो याच वाटेने. १९५२ साली विनू मंकड हॅस्लिंग्डन क्लबाशी करारबद्ध होते, म्हणून भारताच्या पहिल्या कसोटीत ते नव्हते. क्लबाने मोकळीक दिल्यावर लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. या लीगमध्ये अर्धशतक झाले की प्रेक्षकांतून वर्गणी गोळा करण्याची प्रथा होती. समीक्षेचा इतका रोखठोक प्रकार आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. स्तुती करायची असेल तर खिशात हात घालावा लागे.

आमच्या शिक्षककक्षातही दूरच्या जिल्ह्यातून कोणी नवे रुजू झाले म्हणजे त्यांच्या बोलीवरून, आडनावावरून आणि ‘कोणाच्या ओळखीचे’ यावरून पहिल्या चहाच्या आत निकाल लागतो. विद्यार्थ्यांचा निकाल मात्र सत्र संपताना लागतो. कारण त्यांना रोज तासाला बसायचे असते. आम्हांला वाटते, पायऱ्यांवरच्या त्या प्रेक्षकाचे बळही एवढेच आहे. त्याची पहिली मते तुमच्या-आमच्याइतकीच पूर्वग्रहदूषित असतात. पण त्याला पुन्हा यायचे असते.

शेवटी एक गोष्ट उरते. या सगळ्या चर्चेत जोखणारा सदैव प्रेक्षक असतो. पण परका गडीही गावाला जोखत असणारच. तिथला पाऊस, तिथली धुराने काळवंडलेली घरे, पायऱ्यांवरून येणारा आवाज, पराभवानंतर रस्त्यात भेटणाऱ्यांचे चेहरे या सर्वांचे मूल्यमापन त्यानेही केले असेल. ते कोणी लिहून ठेवत नाही. रोझेनफेल्ड हडर्सफिल्डलाच राहिला आणि १९७० साली तिथेच वारला. बेव्हनही १९९१ मध्ये इंग्लंडच्याच वायव्य किनाऱ्यावर, साउथपोर्टला गेला. आपल्या गावांविषयी त्यांचे मत काय झाले होते, ते त्यांनी असे राहूनच सांगितले, असे आम्हांला म्हणावेसे वाटते.